रॉकेलची टाकी आणि गोरज मुहूर्त

माझ्या धाकट्या दिराच्या लग्नाला मी नवरदेवापेक्षाही उंच आसनावर बसून गेले, आणि अत्तराऐवजी रॉकेल लावून गेले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कामोठ्याच्या बाजूला तेव्हा आमचं गाव, खाडी, भातशेती आणि दिवसभर भराव टाकत फिरणारे डंपर एवढंच होतं. ‘इथं नवी मुंबई येनार’ असं जो तो सांगायचा. ती नेमकी कुठल्या बाजूने येणार हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे माणसं आपली चारी बाजूंना बघत उभी राहायची. मी पनवेलची, मॅट्रिक पास. शिवाय चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा पास! सासरी एवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. (आता विचार केला की वाटतं, मला कोणी खाडीत कसं ढकललं नाही? माणसं फार सोशिक होती हो!)

घरात सर्वांत लाडका होता तो मामंजींचा ट्रॅक्टर. मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांना दोन मुलगे, एक आमचे हे आणि दुसरे जनाभावजी. पण लाडाच्या क्रमात दोघंही ट्रॅक्टरच्या मागे. कोण्या जमीनदाराकडून घेतलेलं ते जुनं धूड. पेट्रोलचा एक घोट पाजायचा, पुढच्या हँडलला हिसके द्यायचे, आणि धाप लागून सुरू झालं की रॉकेलवर सोडायचं. रॉकेलची टाकी वर, इंजिन खाली. मध्ये पंपबिंप काही नाही. तेलाने आपल्या पायांनी खाली उतरून यायचं.

“यात बिघडण्यासारखं काही नाहीच,” मी एकदा मामंजींना समजावून सांगितलं होतं. “वरची वस्तू खाली येणारच. गुरुत्वाकर्षण!”

“तुज्या त्या गुर्त्वाला ट्रॅक्टर चालवाला येतंय का?” मामंजी म्हणाले. मी त्यांच्या अज्ञानाला उदारपणे हसले होते.

तर, जनाभावजींचं लग्न. मुलगी सुलू, न्हावा शेव्याच्या बाजूच्या गावातली. लग्न खरं म्हणजे आदल्या वर्षीच व्हायचं, पण ऐन लग्नसराईत सुलूचे वडील गेले आणि सगळं थांबलं. वर्षभर जनाभावजी जेवताना भाताकडे बघत बसायचे. भात बिचारा गार व्हायचा. शेवटी सुलूच्या मामांनी, दामूमामांनी, पुढाकार घेतला. पावसाळ्याआधीचा सरता मुहूर्त काढला, संध्याकाळचा, गोरज. आणि निघताना मामंजींना निक्षून सांगितलं,

“पाव्हनं, यो मुहूर्त चुकला तं पुढचा तुलशीच्या लग्नानंतर. एक डाव थांबलो. आता नाय थांबनार. पोरीला दुसरं स्थल बघीन. वेलेवर या. येष्टी ठरवा.”

येष्टीचं नाव काढलं आणि मामंजींच्या मिशा उभ्या राहिल्या. “माझा पोरगा लाल डब्यातून जानार? घरचा ट्रॅक्टर असताना?”

आता घरचा ट्रॅक्टर नवरदेवाला न्यायचा तर तो नवरदेवाच्या तोलाचा दिसायला नको? घराला चुना लागला, माणसांना नवे कपडे आले, आणि ट्रॅक्टर तेवढा गंजाच्या रंगाचा! खारी हवा त्याला खरजेसारखी खात होती. मी पदर खोचला. “मामंजी, मी रंगवते. एलिमेंटरी पास आहे.”

“रंगव बाय,” मामंजी म्हणाले. हेच ते वाक्य. पुढे आयुष्यभर त्यांनी स्वतःला त्याबद्दल क्षमा केली नाही.

मी काय काम केलं म्हणून सांगू! आधी पॉलिश पेपरने घासलं. मग लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, लावली. खड्डा दिसला की भर, भोक दिसलं की बुजव. वर लालभडक ऑइलपेंटचे दोन हात. मडगार्डवर कमळं काढली, बॉनेटवर मोर काढला. (मोराचं बदक झालं होतं, पण लाल रंगावर शोभलं.) बॉनेटवर आलेलं टाकीचं टोपणसुद्धा मी सोडलं नाही. लांबी वाळून दगड झाली, रंग वाळून आरसा झाला. गाव बघायला आलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, त्यासुद्धा म्हणाल्या, “बेस दिसतंय गो!” त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवण्याची ही पहिली आणि बराच काळ शेवटची वेळ.

दुपारी वऱ्हाड निघालं. आमचे हे ट्रॅक्टरवर, शेजारी मडगार्डवर मामंजी. मागे ट्रॉलीत मुंडावळ्या बांधलेले जनाभावजी, मी, आत्याबाई, वाजंत्री आणि पोराबाळांसकट अर्धं गाव. ‘वेळ हाताशी भरपूर आहे,’ असं मीच मोठ्याने म्हटलं.

गाव दिसेनासं झालं न झालं, तोच ट्रॅक्टर खोकला. पुन्हा खोकला. मग म्हाताऱ्या माणसाला बसल्याबसल्या झोप लागावी तसा शांत झाला.

मामंजींनी खाली उतरून टाकीचं टोपण काढलं, आत काठी घालून बघितली. “तेल तं मस हाय.” काठी अर्ध्याहून वर भिजली होती.

“कोनाची नजर लागली!” आत्याबाई ट्रॉलीतून उतरल्या. “आवरा लाल करून ठेवला, लागनारच!” लग्नघरची बाई, पिशवीत मीठ-मिरच्या तयारच. त्यांनी ट्रॅक्टरच्या तोंडावरून दृष्ट काढली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. यांनी हँडल मारलं. ट्रॅक्टर सुरू!

“बघितलंस?” आत्याबाईंनी फक्त माझ्याकडे बघून विचारलं.

“योगायोग,” मी म्हटलं.

योगायोग पुढच्या पुलापाशी संपला. पुन्हा खोकला, पुन्हा झोप. आता आमचे हे पुढे झाले. टाकीखाली एक काचेची वाटी असते. तेलातला गाळ तिच्यात साठतो. यांनी ती काढली, तर तळाला गंज आणि पाणी. “हेच ते!” म्हणत यांनी जनाभावजींच्या खांद्यावरचा नवा कोरा शेला घेतला आणि वाटी लख्ख पुसली. मग नळी काढून तोंडाने फुंकली. नळीतलं उरलंसुरलं तेल यांच्या तोंडात आलं. त्यांचा चेहरा बघून एक म्हातारी म्हणाली, “नवरदेवापेक्सा याचाच जीव कावला गो!” मामंजींनी पुन्हा टोपण काढून, काठी घालून तेल बघितलं (ते प्रत्येक वेळी बघायचेच, तेल कोणी चोरेल अशी भीती असावी), आणि हँडल मारलं. सुरू!

“वाटी,” हे थुंकत म्हणाले.

“दृष्ट,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी मागून दुसऱ्यांदा काढली होतीच.

वाटी आणि दृष्ट दोन्ही पुढच्या चढाला हरल्या. आता मात्र माझ्यातली मॅट्रिक गप्प बसेना. मी ट्रॉलीत उभी राहिले. “ऐका सगळे! तेल गुरुत्वाकर्षणाने खाली येतं. म्हणजे टाकी जितकी उंच, तितकं तेल जोरात. ट्रॅक्टरचं तोंड वर व्हायला पाहिजे. सगळे ट्रॉलीच्या मागच्या टोकाला चला!”

“म्हंजे काय व्हईल?” ढोलकीवाल्याने विचारलं.

“मागे वजन पडेल, पुढचं उचलेल.”

“ट्रॉली उचलंल ना वैनी,” जनाभावजी हळूच म्हणाले. “ट्रॅक्टर कसा उचलंल?”

“तुम्ही नवरदेव आहात, तुम्ही बोलू नका,” मी म्हटलं.

आणि सांगते, त्या भल्या माणसांनी ऐकलं हो! अख्खं वऱ्हाड मागच्या फळीला लटकलं. मामंजींनी टोपण काढून तेल बघितलं, टोपण घट्ट बसवलं, यांनी हँडल मारलं. सुरू! मी असा विजयी चेहरा केला की तो अजून माझ्या गालांना आठवतो. पुढचा सगळा रस्ता लोक एकमेकांना घट्ट धरून ट्रॉलीच्या शेपटीला लोंबकळत होते. शेजारून जाणाऱ्या डंपरवाल्याने गाडी हळू करून विचारलं, “काय सर्कस हाय का?”

आणि मग, खाडीच्या बांधावर, ना झाड ना घर अशा ठिकाणी, माझं गुरुत्वाकर्षणही मेलं.

ऊन पिवळं पडायला लागलं होतं. वाजंत्री वाजवायचे थांबले. जनाभावजी खाली उतरले, बांधावर बसले आणि दोन्ही हातांनी मुंडावळ्या बाजूला करून रस्त्याकडे बघत राहिले. वर्षभर भाताकडे बघायचे ना, तसेच बघत होते. दामूमामा बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता.

“तेल वता,” मामंजी म्हणाले. त्यांचाही आवाज उतरला होता. “फुल करून बगू.”

ट्रॉलीत रॉकेलचा एक पत्र्याचा डबा होता, सीलबंद. यांनी खिळ्याने एका कोपऱ्यात भोक पाडलं आणि डबा टाकीवर उलटा धरला. रॉकेल आलं, बुडबुड केलं, थांबलं. पुन्हा थोडं आलं. थांबलं.

“आरं काय येरा का खुला?” आत्याबाई करवादल्या. (इकडच्या बोलीत शब्दातल्या ‘ड’चा ‘र’ होतो; येरा म्हणजे वेडा.) “दुसरा भोक पार ना! वारा आत गेल्याबिगर तेल भायेर येल काय? गोडेतेलाचा डबा कदी फोरला नाय?”

यांनी दुसरं भोक पाडलं. रॉकेल भळाभळा आलं.

मी डब्याकडे बघितलं. मग मामंजींच्या हातातल्या टोपणाकडे बघितलं. लाल, गुळगुळीत, चकचकीत टोपण. आणि मला आठवलं, त्या टोपणाच्या बरोबर मध्ये एक बारीक भोक होतं. गंजून पडलंय बिचारं, असं म्हणून मी ते मोठ्या प्रेमाने लांबीने बुजवलं होतं. वरून दोन हात.

“मामंजी,” मी म्हटलं, “ते... टोपणाला जे भोक होतं ना...”

“व्हतं म्हंजे?” मामंजींनी टोपण डोळ्यांजवळ नेलं. उलटं केलं. सुलटं केलं. अंगठा फिरवला. मग माझ्याकडे असं बघितलं की लाल रंगाची छटा टोपणाची गडद की त्यांच्या डोळ्यांची, हे एलिमेंटरी पास असूनही मला सांगता आलं नसतं.

“त्यो नाक व्हता त्याचा!” ते ओरडले. “नाक!”

म्हणजे टोपण लावलं की टाकीत वारा जायचा बंद, थोड्या वेळाने तेल उतरायचं बंद. आणि तेल बघायला टोपण काढलं की वारा आत, ट्रॅक्टर सुरू! दृष्ट, वाटी आणि माझं विज्ञान, तिघांनी फुकटचं श्रेय घेतलं होतं.

मी घाईघाईने पदराची सेफ्टी पिन काढून भोक कोरायला घेतलं. पिन आत मोडली. आत्याबाईंच्या अंबाड्यातला आकडा घेतला. तोही आत मोडला. आता त्या भोकात लांबी होती, पिन होती आणि आकडा होता. फक्त वाऱ्याला जागा नव्हती. यांनी टोपणाशिवाय ट्रॅक्टर हाणून बघितला, तर पहिल्याच खड्ड्यात रॉकेलचं कारंजं उडालं.

“कोनीतरी टोपन धरून वर बसाला पायजे,” हे म्हणाले. “खड्डा आला की दाबायचं, सपाट आलं की उचलायचं.”

‘कोणीतरी’ म्हणजे कोण, यावर चर्चा झाली नाही. सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं.

तर अशी मी, शालू नेसून, नाकात नथ, स्वतः काढलेल्या मोरावर (बदकावर) पाय दुमडून बसले. “खड्डा!” हे ओरडायचे, मी दाबायचे. “उचल!” मी उचलायचे. यांचा ‘खड्डा’ नेहमी खड्ड्यानंतर यायचा. प्रत्येक वेळी एक चूळ माझ्यावर. मनगट, पोलकं, शालू... सुलूच्या गावाची वेस दिसली तेव्हा माझ्या नथीच्या मोत्यांवरूनसुद्धा रॉकेल ठिबकत होतं. पण सूर्य अजून वर होता! जनाभावजी ट्रॉलीत उभे राहून हसत होते. वर्षाने हसताना बघितलं मी त्यांना.

मांडवासमोर ट्रॅक्टर थांबला. वाजंत्री सुरू झाले. आणि आतून सुवासिनी आल्या, वऱ्हाडाला ओवाळायला. हातात तबकं. तबकात पेटती निरांजनं!

सगळ्यात पुढे, सगळ्यात जवळ, कोण होतं? मी!

“लांब व्हा!” मी किंचाळले. “दिवा लांब न्या! मी रॉकेलनं भिजलेय! पेटेन मी!”

वाजंत्री थांबले. मांडव थांबला. दामूमामा गर्दीतून पुढे आले. त्यांनी मला बघितलं: वऱ्हाडातली सून, नखशिखान्त रॉकेल. तेव्हा वर्तमानपत्रं उघडली की स्टोव्हचा भडका आणि सुना, हेच असायचं. त्यांचा चेहरा पांढरा झाला. त्यांनी मला हात देऊन खाली उतरवलं, बाजूला नेलं आणि इतक्या मायेने विचारलं की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. (रॉकेलही गेलं होतं.)

“पोरी, भिऊ नको. कोनी वतलं?”

“कोणी नाही हो. मीच.”

“तूच?” दामूमामा म्हणाले. “आसं करू नये बाय. आख्खा जल्म परलाय म्होरं.”

“तसं नाही मामा! टोपणाचं भोक मी बुजवलं...”

“कसलं टोपन? तुला तरास हाय का घरी? सासू कशी हाय?”

एवढ्यात सासू आलीच. “काय भानगर हाय?” आत्याबाई कमरेवर हात ठेवून गरजल्या. “या बयेला वाटंत चार डाव खारीत ढकलाची मनात आली व्हती माझ्या!”

संपलं! दामूमामा वळले आणि सगळ्यांसमोर मामंजींना म्हणाले, “पाव्हनं, सुनंला रॉकेलात बुरवून आनलीव. माझी भाची नाय देनार या घरात.”

जनाभावजींनी ट्रॉलीची फळी दोन्ही हातांनी धरली. मांडवाच्या कनातीआड सुलूच्या बांगड्या वाजल्या आणि गप्प झाल्या.

मी दामूमामांचा हात धरला (त्यांच्या नव्या सदऱ्याला माझ्या पाचही बोटांचे ठसे) आणि त्यांना ट्रॅक्टरपाशी ओढत नेलं. टोपण दाखवलं, लांबी दाखवली, मोडलेली पिन दाखवली. टाकी, वारा, डब्याची दोन भोकं, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “शिकवून आनलंय तुला.”

“मग बघाच!” मी म्हटलं. टोपण गच्च आवळलं. “अहो, सुरू करा! आता हा थोड्या वेळात बंद पडतो की नाही बघा.”

ट्रॅक्टर सुरू झाला. दोन्हीकडचं वऱ्हाड भोवती कडं करून उभं राहिलं. आणि दिवसभर ऊठसूट मरणारा तो ट्रॅक्टर, तुम्हाला सांगते, कसा चालला! धडधडधडधड! जागेवर उभा, ओझं नाही, तेल लागतंय किती? तरण्या बैलासारखा डुरकत राहिला.

“बंद परत नाय,” दामूमामा म्हणाले.

“पडेल! जरा थांबा!”

भटजी आकाशाकडे बघून म्हणाले, “गोरज टळेल हो.” मामंजी, ज्यांनी त्या ट्रॅक्टरवर पोटच्या पोरांहून जास्त माया केली, ते त्याच्या कानाशी लागून पुटपुटत होते, “मर रं बाबा. आजच्या दिस मर.” आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले होते.

“अहो, रेस वाढवा!” मी ओरडले. यांनी वाढवली. धुराने मांडव भरला. आणि मग... एक खोकला. दुसरा खोकला. घर्र... घर्र... फट्. बंद!

आमच्या वऱ्हाडाने असा जल्लोष केला की विचारू नका. वाजंत्र्यांनी आपणहून ताशा हाणला, मामंजींनी ढोलकीवाल्याला मिठी मारली. आपला ट्रॅक्टर बंद पडला म्हणून नाचणारी वरपक्षाची माणसं त्या गावाने आधी बघितली नव्हती, नंतरही नसतील.

“आता टोपण तुम्ही काढा मामा,” मी म्हटलं.

दामूमामांनी कान जवळ नेऊन टोपण फिरवलं. फुस्सकन वारा आत गेला. त्यांनी ते पुन्हा हातात उलटंसुलटं केलं, बॉनेटवरचं बदक बघितलं, मला बघितलं, आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते ट्रॅक्टरच्या चाकावर बसले. “आरं, सून नाय जालली,” ते डोळे पुसत म्हणाले, “सुनंनं ट्रॅक्टर मारला! चला, अंतरपाट धरा! आनि या बायला दिव्यापासून लांब ठेवा!”

गोरज अगदी शेपटीला धरून गाठली. सुलूच्या आईने मला स्वतःचं लुगडं नेसायला दिलं. मांडवाच्या पार मागच्या खांबाशी, समयांपासून दूर, मी उभी राहिले आणि अक्षता तिथूनच टाकल्या. त्या आमच्या यांच्या डोक्यावर पडल्या. पण जनाभावजींनी सुलूच्या गळ्यात माळ घातली ती मला तेवढ्या लांबूनही नीट दिसली.

परतल्यावर मामंजींनी मला समोर बसवलं. रागावले नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाले, “सूनबाय, रंगाचा हात बेस हाय तुझा. पन जे श्वास घेतंय त्याला लावू नको.”

मी मनावर घेतलं. दिवाळीला यंत्राला हातसुद्धा लावला नाही. नव्या जोडप्याला प्रेमाची भेट म्हणून त्यांच्या खोलीच्या फक्त खिडक्या रंगवल्या, बंद करून, फटींत नीट लांबी भरून. पुढचा अख्खा उन्हाळा जनाभावजी आणि सुलू अंगणात झोपले!